विमान उभं आहे, वैमानिक नाही

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एक अजब कोंडी झाली. येणाऱ्या विमानांना उभं राहायला जागा मिळेना, कारण आधी उतरलेली विमानं जागची हलत नव्हती. ती बिघडलेली नव्हती. प्रवासी तर गेटवर ताटकळत होतेच. इंडिगोच्या त्या विमानांत बसायला वैमानिक आणि कर्मचारी मिळत नव्हते, एवढंच. एका कंपनीकडे माणसं कमी पडली म्हणून दुसऱ्या कंपन्यांची विमानंही रखडली. सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची मंडळी लांबच्या प्रवासासाठी अजूनही पुणं किंवा हैदराबाद गाठतात. त्यांतल्या कितीतरी जणांना त्या आठवड्यात टॅक्सीचे पैसे मोजून आल्या वाटेनं परतावं लागलं असणार.

यात थक्क करणारी गोष्ट आहे ती कारणाची. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची होती, ती ४८ केली. नियमाच्या लेखी 'रात्र' बारा ते पाच होती, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्युटीत सहा वेळा विमान उतरवण्याची मुभा होती, ती दोनवर आणली. कंपन्यांनी हे जमणार नाही म्हणून सांगितलं, तारखा पुढे गेल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि शेवटी नियम दोन हप्त्यांत लागू झाले: १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. दुसऱ्या हप्त्याला महिना होतो न होतो तोच इंडिगोची घडी विस्कटली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. अखेर सरकारनं कंपनीला त्याच नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत तात्पुरती सवलत दिली.

म्हणजे वैमानिकांना आठवड्याला बारा तास विश्रांती वाढवून दिली, रात्र तासाभरानं लांबवली, आणि देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक जणांना नेणारी कंपनी कोलमडली. एवढा मोठा डोलारा इतक्या बारीक हिशेबावर कसा काय उभा होता?

हिशेबाची सुरुवात शरीरापासून करावी लागते. आपल्या मेंदूच्या तळाशी वीसेक हजार चेतापेशींचा एक ठिपका आहे. शरीराचं घड्याळ तो चालवतो. पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली येतं आणि त्याबरोबर सावधपणाही. माणूस कितीही सरावलेला असो, हा खड्डा बुजत नाही. गुणी चालक, कडक शिस्तीचा फौजी, नाईट ड्युटीची परिचारिका, सगळ्यांना तो असतोच. १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात डॉसन आणि रीड या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हाताडोळ्यांच्या चाचणीत ०.०५ टक्के मद्य रक्तात असलेल्या माणसाइतकाच कमी पडतो, असं त्यात दिसलं. दारूच्या वासावर नळी धरता येते. झोपेच्या थकव्याला अशी नळी नाही, म्हणून तो तासांच्या हिशेबानंच अडवावा लागतो.

आपल्याकडे त्याचा जबर दाखला आहे तो मंगळूरचा. २२ मे २०१० च्या सकाळी सहाच्या सुमाराला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. प्रवासाचा बराचसा भाग ते झोपेत होते. मग जागे झाले, विमान उंचावरून आणि वेगात येतंय हे सहवैमानिकानं सुचवूनही उतरवायलाच गेले. झोपेतून उठल्यावर थोडा वेळ डोकं जडच राहतं, निर्णय चुकतात. चौकशी अहवालानं या गुंगीकडे बोट दाखवलं. त्यानंतर 'रात्री किती वेळा उतरायचं' हा प्रश्न नुसता मजुरीच्या वाटाघाटीचा राहिला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळाच्या बोर्डिंग गेटवर इंडिगोचे चाळिशीचे एक कॅप्टन पुण्याचं विमान घेण्याआधीच कोसळले आणि गेले. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सातच्या दरम्यान त्यांनी दोन उड्डाणं केली होती. नंतर सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती, हेही कंपनीनं सांगितलं. मृत्यूचा दोष ड्युटीवर टाकता येणार नाही, आणि टाकूही नये. पण देशभरच्या वैमानिकांनी ती बातमी वाचून पहिल्यांदा काय पाहिलं असेल? त्या कॅप्टनचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक.

आता तासांकडे येऊ. वैमानिकाला वर्षात १००० तासांहून जास्त उडता येत नाही. बाहेरच्याला वाटतं, महिन्याला ८३ तास, म्हणजे चैनच! इथेच गफलत होते. हे तास 'ब्लॉक अवर्स' असतात. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पुन्हा जागेवर थांबलं की बंद. गोवा-सोलापूरसारखी तासाभराची चार उड्डाणं एका दिवसात केली, तर खात्यावर चार तास लागतात. पण त्याआधी तासभर हजेरी, हवामान आणि इंधनाची कागदपत्रं, दोन उड्डाणांमधला अर्धा-पाऊण तास, मध्येच दुसरं विमान धावपट्टीवर असल्यामुळे झालेला खोळंबा, शेवटी कागद बंद करणं. सगळं मिळून ड्युटी आठ तासांची होते. घर ते विमानतळ वेगळं. विमानाचं खरं कष्टाचं काम चढण्या-उतरण्यात असतं आणि छोट्या मार्गांवर तेच दिवसभर करावं लागतं. लंडनला जाणारा कॅप्टन नऊ-दहा तासांत एकदा उतरतो. सोलापूरला येणारा एका दिवसात चारदा.

पगारही बहुतेक याच तासांवर बेतलेला. म्हणून तास कापले की माणूस खवळतो. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्तारा कंपनीत नेमकं हेच घडलं. एअर इंडियात विलीन होण्याआधी नवी वेतनरचना आली. पूर्वी महिन्याला ७० तासांचा पगार पक्का होता, तो ४० तासांवर आला. उरलेलं प्रत्यक्ष उडाल तर मिळेल! काही दिवसांतच मोठ्या संख्येनं वैमानिक 'आजारी' पडले, शंभरावर उड्डाणं रद्द झाली आणि कंपनीला रोजची दहा टक्के उड्डाणं कमी करावी लागली. जेट एअरवेजमध्ये सप्टेंबर २००९ मध्ये संघटना काढली म्हणून दोन वैमानिकांना काढल्यावर शेकडो सहकारी असेच पाच दिवस आजारी होते. संपाचं नाव काढलं की न्यायालय आणि बडतर्फी समोर उभी राहते, तेव्हा या धंद्यात नाराजी डॉक्टरच्या दाखल्यातून बोलते. मला यातला विनोद कळतो, पण त्यातलं दुखणं अगदीच खोटं नसतं.

ते किती खरं असू शकतं, याचा पुरावा संसदेच्या कागदांत आहे. ९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली, तेव्हा पुण्याचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ उपस्थित होते. तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं आणि २६० जण गेले. पुढच्या महिन्यात याच मोहोळांनी लोकसभेत सांगितलं की १६ जूनला, एका दिवसात, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा कळवली. त्यांत ५१ कॅप्टन होते. त्या वेळी पगाराची मागणी नव्हती की संघटनेची हाक नव्हती. आपल्याच कंपनीचं विमान पडल्यावर चौथ्या दिवशी मन कॉकपिटमध्ये बसायला तयार होत नाही, हे सांगायला प्रमाणपत्र कशाला हवं? पण या पेशात ते सांगणं महाग पडतं. वैद्यकीय तपासणीत नापास झालं की परवानाच थांबतो, म्हणून मनाचा ताण लपवण्याकडेच कल असतो.

सोलापूरचं हे विमान येण्यासाठी शहरानं किती वर्षं काढली! होटगी रोडवरच्या धावपट्टीच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची ९२ मीटरची चिमणी होती. 'चिमणी पाडा' म्हणणारे एका बाजूला, 'कारखाना वाचवा' म्हणणारे सभासद शेतकरी दुसऱ्या बाजूला. मोर्चे, कोर्ट, उपोषणं झाली. १५ जून २०२३ ला ती पाडली. बोरामणीच्या नव्या विमानतळाला माळढोक पक्ष्याच्या अधिवासाची अडचण, म्हणून जुनाच सजवायचा ठरला. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, जूनमध्ये गोव्याचं विमान आलं, १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरचं मुंबईचं. त्या मार्गावरची तूट भरून द्यायलाही राज्य सरकार राजी झालं. चिमणी, माळढोक, धावपट्टी, तूट, सगळ्यांवर सोलापुरात घसा कोरडा होईस्तोवर चर्चा झाली. कॉकपिटमध्ये कोण बसणार, याबद्दल कुणी बोललेलं ऐकिवात नाही. आणि ती जागा तर सर्वांत नाजूक आहे.

एसटीचं बघा. चालकाकडे जड वाहनाचा परवाना आणि बिल्ला असला, की आज पंढरपूरची लालपरी, उद्या तुळजापूरची शिवशाही. सोलापूर आगारात माणूस कमी पडला तर अक्कलकोटहून बोलावून घेता येतो. विमानात असं नाही. गोव्याहून येणाऱ्या फ्लाय९१ चं विमान म्हणजे एटीआर-७२, पंख्याचं, सत्तर जणांचं. मुंबईचं स्टार एअरचं विमान एम्ब्रायर-१७५, जेट, शहात्तर जणांचं. होटगी रोडवर दोन्ही एकमेकांशेजारी उभी राहिली, तरी एकाचा कॅप्टन दुसऱ्याच्या खुर्चीत बसू शकत नाही. प्रत्येक बनावटीचं वेगळं 'टाइप रेटिंग' लागतं, त्यासाठी आठवडेच्या आठवडे वर्ग आणि सिम्युलेटर. शिवाय दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा: एक इंजिन बंद, धूर, वादळ, पुन्हा एक इंजिन बंद. नोकरीला वीस वर्षं झाली तरी ही परीक्षा चुकत नाही. दुसऱ्या कुठल्या पेशात असं आहे?

आणि हा माणूस घडतो कसा? बारामतीच्या धावपट्टीवर, गोंदियाजवळच्या बिरसीला, धुळ्याला अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली छोट्या विमानांतून घिरट्या घालत असतात. (महिला वैमानिकांचं प्रमाण भारतात सुमारे पंधरा टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. एवढी एक गोष्ट आपण कुणाला न सांगता करून बसलो आहोत.) २०० तास झाले की व्यावसायिक परवाना. तोवर घरचे पन्नासेक लाख किंवा त्याहून जास्त गेलेले असतात, कुणाची शेती गहाण, कुणाचा फ्लॅट. मग टाइप रेटिंगचा आणखी खर्च. पण कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसायला वरचा परवाना हवा आणि त्याला १५०० तास लागतात. दोनशे आणि पंधराशे यांच्यामधला रस्ता उजव्या खुर्चीतूनच जातो. नवख्याला ती खुर्ची लवकर कुठे मिळते? छोट्या कंपनीत, छोट्या विमानात, छोट्या गावांच्या मार्गावर.

इथे सोलापूरचा आणि जगातल्या सगळ्या सोलापुरांचा पेच आहे. छोट्या मार्गांवर वैमानिकाचे तास भरतात आणि ते भरले की मोठी कंपनी त्याला उचलते. मोठ्या कंपनीतल्या वैमानिकालाही आखाती कंपन्या उचलतात. वरच्या पायरीवर एक जागा रिकामी झाली, की खाली एकामागून एक खुर्च्या सरकतात आणि शेवटची रिकामी खुर्ची उरते ती सर्वांत छोट्या विमानात.

तिचा फटका किती, ते मांडून पाहू. एक विमान रोज दहा तास उडतं असं धरलं, तर वर्षाचे ३६५० तास. वैमानिकाची मर्यादा हजाराची, पण रजा, प्रशिक्षण, आजारपण वजा जाता हाती सात-आठशेच लागतात. म्हणजे एका विमानाला पाच जोड्या, दहा वैमानिक. दोन विमानांच्या कंपनीत दहा कॅप्टन. त्यांतल्या तिघांनी राजीनामा दिला तर तीस टक्के उड्डाणं जागेवर बसली. नव्याला घडवायला महिने जातात. अशा वेळी कंपनी मुंबई-दिल्ली तोडत नाही. सोलापूरला 'ऑपरेशनल कारणास्तव' असा निरोप येतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या आकासा एअरनं ही भीती कोर्टातच मांडली. ४३ वैमानिक नोटीस न देता निघून गेले, रोज चोवीसेक उड्डाणं रद्द होत आहेत, कंपनी बंद पडू शकते, असं तिच्या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. गेलेल्या वैमानिकांवर मुंबई उच्च न्यायालयात दावे लावले. डीजीसीएचा २०१७ पासूनचा नियम असा, की कॅप्टननं एक वर्ष आधी आणि सहवैमानिकानं सहा महिने आधी नोटीस द्यायची. वर्षभर! इतकी लांब नोटीस दुसऱ्या कुठल्या नोकरीत क्वचितच असेल. वैमानिकांच्या संघटना या नियमाविरुद्ध भांडत आल्या आहेत, आणि मला त्यांची बाजू पटते. कंपनीला रोस्टर आदल्या रात्री बदलता येतं, वेतनरचना महिन्याभरात बदलता येते, आणि वैमानिकानं मात्र बारा महिने थांबायचं. २०१२ मध्ये किंगफिशरनं महिनोनमहिने पगार दिले नव्हते, १७ एप्रिल २०१९ ला जेट बंद पडली तेव्हाही वैमानिकांचे पगार थकलेले होते. त्यांना कुणी वर्षभर आधी नोटीस दिली नव्हती. सोलापूरकरांनी एकेकाळी किंगफिशरचंही विमान होटगी रोडला उतरताना पाहिलंय. फ्लाय९१ चे संस्थापक मनोज चाको हे त्याच किंगफिशरमध्ये वरिष्ठ अधिकारी होते. त्यामुळे पगार थकला की कंपनीचं काय होतं, ते त्यांना दुसऱ्यानं सांगायला नको.

अमेरिकेत हा खेळ आपल्या आधी खेळून झाला आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचं पंख्याचं विमान घरावर पडलं, पन्नास जण गेले. ते विमान आपल्या एटीआरच्याच जातीचं होतं आणि छोट्या गावांना जोडणाऱ्या कंपनीचं. मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिक्रियेचा ठरला, पण चौकशीत निघालेली बाकीची माहिती वाचून अमेरिकन लोक हादरले. सहवैमानिक तरुणी नोकरीच्या शहरात घर घेऊ शकत नव्हती, इतका पगार कमी. देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ, आईवडलांकडे राहायची. त्या ड्युटीसाठी ती रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून नेवार्कला आली होती. कॅप्टननं आदली रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. त्यानंतर थकव्याचे नियम कडक झाले, सहवैमानिकालाही १५०० तास बंधनकारक झाले. मग करोना आला, मोठ्या कंपन्यांनी हजारो ज्येष्ठांना लवकर निवृत्त केलं आणि प्रवासी परतले तेव्हा छोट्या कंपन्यांतून माणसं ओढून घेतली. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या कंपनीनं वैमानिक नाहीत म्हणून २९ छोट्या शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. त्या शहरांनाही सरकारी अनुदान मिळत होतंच. अनुदानानं रिकाम्या सीटची भरपाई होते, रिकाम्या कॉकपिटची होत नाही. त्याच उन्हाळ्यात तिथल्या काही छोट्या कंपन्यांनी वैमानिकांचे पगार सुमारे दीडपट केले आणि मग गळती आवरू लागली.

आपल्या छोट्या कंपन्यांना तेवढी ऐपत नाही. तिकिटाचा दर वाढवला तर सोलापूरचा व्यापारी वंदे भारतनं साडेसहा तासांत मुंबईला जाईल, शिवाय डबा घरचा. पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी एअरबसच्या मोठ्या ताफ्यात मिळणं अवघड. छोट्या मार्गांवरची उड्डाणं बहुतेक दिवसाउजेडी असतात. सकाळी गोव्याहून निघालेला कॅप्टन सोलापूर, हैदराबाद किंवा पुणं करून अंधार पडायच्या आत गोव्यात परतू शकतो. पहाटे तीनच्या त्या खड्ड्यात त्याला विमान उतरवावं लागत नाही. पंधरा दिवसांचं रोस्टर आधी हातात पडलं आणि ऐनवेळी बदललं नाही, तर त्याला मुलीच्या शाळेची तारीखही सांगता येते. नव्या मुलांना १५०० तास लवकर भरून डावी खुर्ची मिळते, तीही इथेच. आखातात जाणारा जाईलच. पण पंचेचाळिशीच्या कॅप्टनसमोर एका बाजूला दुप्पट पगार आणि दुसऱ्या बाजूला रोज स्वतःच्या बिछान्यातली झोप ठेवली, तर तो दरवेळी पगाराकडेच वळेल असं समजायचं कारण नाही. निदान कंपनीनं ती झोप रोस्टरमधून काढून घेतलेली नसेल, तोवर तरी.